ओट्याखालची नाली

गया, तुझं नाव लिहायला बसलो आन् पहिल्याच अक्षराला अडलो. उभ्या जन्मात तुला नावानं हाक मारली न्हाय. "संजूचे माय" म्हणायचो, न्हायतर नुसतं "अगं". आता संजू म्हणतो, "दादा, पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोकांना वाटायला चार ओळी छापू. मायचं नाव घालून लिहा. ती किती प्रेमळ होती, किती कष्टाळू होती." मी म्हणलं, ओळखणाऱ्याला ते सांगायला नको, आन् न ओळखणाऱ्याला सांगून उपयोग न्हाय. माझं तिच्याशी भांडण अर्धं राहिलंय, ते लिहितो. तो गप बसला. तुझ्यासारखाच बसतो, ओठ आवळून.

चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. डेपोत बसची चाकं बदलण्यात जन्म गेला. शुद्ध-अशुद्ध संजू बघून घेईल. पण मजकूर बदलायचा न्हाय म्हणून त्याला बजावलंय.

आधी एक सांगून टाकतो. गल्लीत बोललं जातंय की गयाबाईला नालीनं नेलं. ते खोटं हाय. तू काळजाच्या दुखण्यानं गेलीस. सकाळची उन्हं अंगणात आली होती, तू वाळत घातलेल्या मिरच्या हलवत होतीस आन् तिथंच बसलीस. डॉक्टरनी काय ते स्पष्ट सांगितलं. नालीवर माझा लई राग हाय, पण खोटा आळ मी तिच्यावरबी घालणार न्हाय.

घरात बसवत न्हाय, गया. उठतो, परसात जातो, शेवग्याखाली ठोकलेल्या खुंट्या बघतो, परत येतो. पाणी पितो, परत जातो. सूनबाई म्हणते, "दादा, जरा टेका की." कुठं टेकू? जिथं टेकावं तिथं तुझं काहीतरी ठेवलेलं. सुपात निवडायची राहिलेली डाळ, खुंटीला अडकवलेली शाळेची पिशवी. शाळेत खिचडी शिजवायचं सोडून इतका काळ झाला तरी ती पिशवी तू टाकली न्हाईस. आन् दाराच्या मागं तुझं फावडं. त्या फावड्यावरनं आपलं निम्मं आयुष्य भांडणात गेलं.

वाचणाऱ्यांत परगावचे पाव्हणेबी असतील, तेरहून तुझ्या माहेरचे येतील, म्हणून गल्लीचं सांगतो. आपली गल्ली बाजाराच्या रस्त्याकडनं खाली उतरती, आन् आपलं घर सगळ्यात शेवटचं. परसाच्या मागं ओढा. वरचं सगळं पाणी आपल्याकडं येणार, हे देवानं न्हाय, उतारानं ठरवलं. त्यात दर निवडणुकीच्या आधी रस्त्यावर नवा थर पडायचा. जुना थर कुणी खरवडला न्हाय. रस्ता वर वर आला आन् घरं खाली खाली गेली. लग्न करून तुला आणलं तवा दाराला पायरी चढून आलीस. आता आपण पायरी उतरून घरात जातो.

आन् ओटे. ओट्याबिगर घर आपल्या गल्लीला चालतच न्हाय. पोरीला बघायला आलेले पाव्हणे टेकणार कुठं? घर आपल्या जागेत बांधायचं आन् ओटा नालीवर घालायचा, ही रीत. दोन्हीकडं विटा, वर शहाबादी फरशी, जोडात सिमेंट. झालं पक्कं काम. इतकं पक्कं, की खाली नाली हाय हे नाली काढायला येणारा माणूसबी विसरला. तो यायचा, वरच्या तोंडाशी दोन फावडी मारायचा आन् जायचा. फरशांखालचा गाळ तिथंच. पाणी मात्र त्यातनं वाट काढत यायचं आन् आपल्या दारात, जिथं नाली पुन्हा उघडी होती, तिथं सगळं ओकायचं. पावसाचं पाणी, मोऱ्यांचं पाणी, आन् ज्यांनी गुपचूप संडासाचे पाइप नालीत सोडले त्यांचंबी. आपलं दार भरलं की समोरच्या नसीमाच्या घरात शिरायचं. तिच्या घराचं जोतं आपल्यापरीसबी खाली. सासू अंथरुणाला खिळलेली. पाऊस लागला की नसीमा आधी म्हातारीची खाट विटांवर चढवायची आन् मग आपल्या दाराकडं बघून हाक मारायची, "चाची!"

आन् तू पदर खोचून फावडं घ्यायचीस.

तिथं माझं डोकं फिरायचं. तुला ठाऊक हाय कशापायी. माझ्या बापानं धम्म घेतला तवा गावकी सोडली. मेलेलं ढोर ओढणार न्हाय, गाव झाडणार न्हाय म्हणून सांगितलं. गावानं त्याचं काम बंद केलं, दुकानात मीठ मिळंना. तो वाकला न्हाय. पोरंबाळं घेऊन ह्या तालुक्याच्या गावाला आला, दगड फोडला, पण ते काम पुन्हा हातात धरलं न्हाय. आन् त्याची सून वरच्या घरांचा गाळ काढती, आन् वरची घरं ओट्यावर बसून बघतात.

मी म्हणायचो, "टाक ते फावडं. नाली पालिकेची हाय. त्यांनी काढावी."

तू म्हणायचीस, "त्यांनी काढावी, खरं हाय. पर पाणी आत्ता आलंय."

"तू काढलीस की ते कधीच येणार न्हाईत. म्हणतील, होतंय की काम."

"आन् न्हाय काढलं तर नसीमाची सासू पाण्यात झोपल."

"माझ्या बापानं गावकी सोडली ती ह्याच्यासाठी न्हाय."

"गावकी दुसऱ्यानं सांगितलेली असती. हे मला कुणी सांगितलंय? मी माझ्या मनानं करते."

"तू मनानं करतीस. बघणारे जातीनं बघतात."

त्यावर तू फावडं टेकवून माझ्याकडं बघितलंस आन् म्हणलीस, "बघू द्या. त्यांच्या डोळ्यातला गाळ काढायला मला टाइम न्हाय."

हे भांडण आपण किती पावसाळे केलं, तू सांग. कधी शब्द बदलायचे, कधी आवाज वाढायचा, पण भांडण तेच. आन् तुझं झालं की मी बादली घेऊन दारात उभा राहायचो. शिव्या देत देत तुझ्या हातावर पाणी ओतायचो. कोपरापर्यंत. साबण लाव, परत लाव, नखात बघ. तू हसायचीस. "शिव्याबी चालू आन् पाणीबी चालू," म्हणायचीस. ते हात मला आता दिसतात. एवढंच दिसतं. तोंड आठवायला गेलो तर फोटोतलं आठवतं, पण हात खरे आठवतात.

फावड्याला मी हात लावला न्हाय. ते मला चुकलं असं आजबी वाटत न्हाय. पण तू थकून उंबऱ्यावर बसायचीस तवा वाईट वाटायचं, ते मी कधी बोललो न्हाय. बोललो असतो तर तुला वाटलं असतं की मी हरलो.

बापूराव तुला लई बोलायचे, आठवतं? गल्लीत सगळ्यात मोठा ओटा त्यांचा. बेंबळीकडं चांगली जमीन, माणूस वाईट न्हाय, पण ओट्यावरनं खाली उतरायची सवय न्हाय. तू दारातला गाळ काढत असलीस की वरनं आवाज द्यायचे, "गयाबाई, आमच्या फरशीखालीबी तुंबलंय, तेवढं बघा की जरा."

तू मान वर न करता म्हणायचीस, "बापू, फरशी उचला. तुम्ही वरनं बघा, मी खालनं बघते."

ओट्यावरचे सगळे खदखदून हसायचे, बापूरावबी हसायचे. पण फरशी काय उचलली न्हाय. आन् ओट्यावर बस म्हणून तुला कुणी म्हणलं न्हाय. सुमनवहिनी, बापूरावची बायको, तुझ्याशी तासभर बोलायची. मिरचीचा भाव, पोरांची लग्नं, गुडघ्याचं दुखणं. ती वर बसून, तू खाली उभी राहून. मी डेपोतनं येताना लांबनं बघायचो. एकदा तुला म्हणलंबी, "आपण ओटा बांधू. तुला बसायला." तू म्हणलीस, "नालीवर? वरनं येणारं मग कुठं जाईल? आपल्या घराच्या पुढं कुणी न्हाय." बरोबर होतं. शेवटच्या घराला ओटा बांधता येत न्हाय.

मी माझ्या परीनं लढत होतोच. रिटायर झाल्यावर पालिकेत जायचा मी नेमच धरला. साहेब म्हणले, "रस्ता बांधकाम विभागाचा." बांधकामवाले म्हणले, "नाली साफ करायची ती आरोग्य विभागानं." आरोग्यवाले म्हणले, "गाळ आमचा, पण फरशी आम्ही उचलणार न्हाय, ते अतिक्रमण. ते बघणारे वेगळे." मी म्हणलं, "साहेब, पाण्याला एकदा तुमचे विभाग शिकवा. म्हणजे ते ज्याचं त्याच्याकडं जाईल." शिपाई हसला, साहेब हसला न्हाय. घरी येऊन तुला सांगितलं तर तू हसून हसून डोळे पुसलेस आन् मग म्हणलीस, "तुम्ही तिकडं भांडा, मी इकडं उपसते. दोन्हीबी लागतंय." तेवढ्यापुरतं मला पटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फावडं बघून भडकलो.

मग ह्या वर्षी खरंच योजना आली. नवीन इंजिनिअर मॅडम गल्लीत फिरली, तिपाईवर दुर्बीण लावून उतार बघितला. बाई चांगली. बापूरावच्या दारात सगळ्यांना गोळा करून तिनं सरळ सांगितलं, "तुम्ही पावसाचं पाणी आणि घाण पाणी एकाच नालीत सोडलंय. म्हणून पाऊस आला की संडासाचं पाणी घरात येतं. दोन वाटा वेगळ्या केल्या पाहिजेत. घाण पाणी बंद पाइपातून ओढ्याकडेच्या मोठ्या लाइनीला, पावसाचं उघड्या नालीतून ओढ्याला."

मी विचारलं, "पूर्वी पाणी ह्या बाजूच्या रिकाम्या रानातनं जायचं. तिथं प्लॉट पाडायला परवानगी दिली तवा पाण्याची वाट कुणी ठेवली न्हाय?"

ती म्हणली, "ठेवायला पाहिजे होती, काका. नाही ठेवली. आता उतार फक्त तुमच्या परसातून शिल्लक आहे."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणणार होतो की विचार करून सांगतो. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातनं तुझा आवाज आला, "घ्या आमच्या परसातनं. शेवगा तोडावा लागला तर तोडा."

मला विचारलंबी न्हाईस. चारचौघात माझ्याकडं बघितलंबी न्हाईस.

घरी आल्यावर मी काय काय बोललो ते इथं लिहीत न्हाय, पोरं वाचतील. पण मुद्दा एकच होता. आजपर्यंत नाली दारात होती, आता घरात घेतलीस. उद्या दोन्ही लाइनी आपल्या परसातनं गेल्या की गल्ली म्हणणार, त्यांच्यातनं जाते, त्यांचीच हाय. तुंबली की हाक आपल्याला. तुझ्यानंतर सूनबाईला. तिच्यानंतर तिच्या सुनेला. माझ्या बापानं जे सोडलं ते तू कायमचं परसात पुरून घेतलंस.

तू भाकरी थापत राहिलीस. मग म्हणलीस, "शब्द दिलाय. आता कसा पाळायचा ते तुम्ही बघा. तुम्हाला भांडता येतं, मला येत न्हाय."

नंतर आपण त्यावर बोललोच न्हाय. दुसरं बोलायचो, मिरच्यांचं, औषधाचं. मी वाट बघत होतो की तू विषय काढशील. तू वाट बघत होतीस का, ते मला कळायचं राहिलं. आन् मग ती सकाळ झाली.

तू गेल्यावर गल्ली आली, खोटं कशाला बोलू. सगळे आले. बापूरावनी मंडप घातला, नसीमानं सगळ्या पाव्हण्यांचा चहा केला. पण माती देऊन आल्यावर थोड्या दिसांनी बापूराव बसायला आले. इकडचं तिकडचं बोलले आन् खाकरून म्हणले, "किसनराव, वेळ बरोबर न्हाय, पण ठेकेदार घाई करतोय. आपल्या गल्लीत अडलं तर पाइप दुसऱ्या वॉर्डाला नेतो म्हणतो. गयाबाईनं शब्द दिला होता."

मी म्हणलं, "दिला होता. ती गेली."

"म्हंजे?"

"म्हंजे आता माझ्याशी बोला."

त्यांचं तोंड उतरलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की म्हातारं आडवं आलं, बायको मरून महिना न्हाय झाला तवर तिचा शब्द मोडतंय. मॅडम दुसऱ्या दिवशी आली. आधी तुझ्या फोटोला हात जोडले, मग बसली. मी म्हणलं, "मॅडम, एकच सांगा. पाइप टाकल्यावर साफ कोण करणार?"

ती खोटं बोलली न्हाय, हे मी मानतो. म्हणली, "काका, बंद लाइनीसाठी यंत्राची गाडी आहे. माणसाला चेंबरमध्ये उतरवायचं नाही, तो कायदाच आहे. पण उघड्या नालीच्या देखभालीचं काम वेगळं मंजूर होतं. ते अजून झालेलं नाही."

"म्हंजे तवर?"

तिनं खाली बघितलं. तवर म्हंजे कोण, ते तिलाबी ठाऊक, मलाबी ठाऊक.

मी उठलो, गल्लीत गेलो आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "परसदार देतो. गयानं दिलंय ते दिलंय. पर आधी सगळ्यांचे ओटे उचला. वरपासून खालपर्यंत. नाली उघडी करा. ज्याच्या दारातला गाळ त्याला दिसू दे. एक जरी फरशी राहिली तर मी परसात फावडं लावू देणार न्हाय."

गया, काय गलका झाला! एक म्हणला, पावसाळा झाल्यावर काढू. एक म्हणला, लेकीचं लग्न हाय. एक म्हणला, अर्धी फरशी काढतो, अर्धी राहू द्या. बापूराव ओट्यावर उभे राहून म्हणले, "हा माझ्या बापाच्या हातचा ओटा हाय, किसनराव."

मी म्हणलं, "नालीवर हाय, बापू. तुमच्या बापाची जागा आत हाय."

कुणी हललं न्हाय. ठेकेदाराचा माणूस पाइप भरलेला ट्रॅक्टर चालू करून बसला. मी घरी येऊन कडी लावली. मला वाटलं, बरोबर केलं. मग वाटलं, तू असतीस तर काय केलं असतंस. मग तुझ्यावरच राग आला, की शब्द तू द्यायचा आन् रात्रंदिस येरझाऱ्या मी घालायच्या.

कडी वाजली. नसीमा. आत आली न्हाय, दारातच उभी राहिली. इतक्या वर्षांत माझ्याशी वर मान करून बोलली नव्हती.

"चाचा, तुमचा झगडा गल्लीशी हाय, व्हय ना? मग पानी माझ्या घरात कशाला?"

मी म्हणलं, "बाई, तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी नका. चाचीबी म्हनायची, नसीमासाठी. तुमीबी म्हनता, नसीमासाठी. मला कुनी विचारलंय? मला सब्बल द्या."

"कशाला?"

"माझी पायरी हाय की नालीवर. ल्हानच हाय, पर हाय. ती आधी काढते. मग बाकीच्यांशी तुमी झगडा."

मी तिला लोखंडी पहार आणून दिली. ती पायरीला भिडली. दोनदा निसटली, हात खरचटला, तिसऱ्यांदा फरशी निखळली. सबंध गल्ली बघत होती. खालनं जो वास उठला तो मी सांगत न्हाय. सब्बल टेकवून ती मोठ्यानं म्हणली, "घ्या. माझं झालं. ज्याची लेक लग्नाची हाय त्यानं नाक दाबून बघून जावं, पाव्हण्यांना हाच वास येनार हाय."

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं जरा मोकळं झालं. तिच्या शेजारच्यानं फरशीचा जोड फोडला. मग वरचा, मग त्याच्या समोरचा. ज्याला अर्धी काढायची होती त्याची पुरीच निघाली, कारण फरशी अर्धी निघत न्हाय. मी नुसता बघत फिरत होतो. वर गेलो, खाली आलो. दुपार कलली तवर सगळी नाली उघडी पडली, गया. मधे एकच लांब फरशी. बापूरावची.

ते तिच्यावर बसूनच होते. मी गेलो न्हाय. मॅडम गेली न्हाय. ते स्वतःच उठले, लेकाला म्हणले, "काढ." आन् तोंड फिरवून आत जायला निघाले.

फरशी उचलली तर खाली पाणी न्हाय, नाली न्हाय, नुसता गाळ. वरपर्यंत. घट्ट, चिकट. ठेकेदाराचा माणूस म्हणला, "आम्ही पाइप टाकणार. जुना गाळ आमच्या कामात न्हाय." मॅडम म्हणली, गाडी मागवते, पण दोन-चार दिवस लागतील. आन् ढग तर ओढ्याच्या वर येऊन थांबले होते, अवकाळी पाडायलाच बसले होते.

आन् तवा, गया, सगळी गल्ली खाली बघायला लागली. आपल्या घराकडं. कुणी बोललं न्हाय, पण मी तुझ्यासंगं जन्म काढलाय, ती नजर मला ओळखता येते. सवयीनं बघितलं त्यांनी. तू फावडं घेऊन येशील म्हणून बघितलं. मग एकेकाला ध्यानात आलं आन् त्यांनी नजर काढून घेतली.

तेवढ्यात सुमनवहिनी उतरली. ओटाच राहिला न्हाय तर उतरणार कशावरनं, पण तिनं उंबऱ्यावरनं पाय खाली टाकला, पदर खोचला, दारातलं फावडं-घमेलं घेतलं आन् पोटरीपर्यंत नालीत उभी राहिली.

बापूराव ओरडले, "अगं, तू कशापायी? येड लागलं का?"

ती म्हणली, "मग कोण? गयाबाई मेली की."

घमेल्यात तिनं पहिलं फावडं टाकलं तवा फावडं वाकडं पडलं, सवय न्हाय. घमेलं उचलंना. मी जवळ होतो. माझा बाप आठवला, तू आठवलीस, काय करावं ते कळंना. मग मी वाकलो आन् दुसरा कान धरला. घमेलं वर आलं. मी ते बापूरावच्या पुढं धरलं. ते बघतच राहिले. मी म्हणलं, "बापू, ह्याच्याफुडं माझं काम न्हाय. तुमच्या दारचं हाय. घ्या." जरा वेळानं त्यांनी घेतलं. धोतराला लागलं, पाइप उतरवून रिकामी झालेल्या ट्रॉलीत टाकून आले आन् मोकळं घमेलं घेऊन परत उभे राहिले.

मी तिथंच थांबलो. दुसरं घमेलं धरलं न्हाय. तू म्हणशील, कशाला ताठा? ताठा न्हाय. अजूनबी माझं तेच म्हणणं हाय, की माणसाच्या हातानं हे होऊ नये, ना तुझ्या, ना वहिनीच्या, ना पालिकेच्या कुणाच्या. देखभालीचं काम मंजूर होईस्तोवर मी पालिकेत जाणारच हाय, आन् या खेपेला बापूरावला संगं नेणार हाय. आता त्यांना वासाचं सांगावं लागणार न्हाय.

परसात खुंट्या ठोकल्या त्याच संध्याकाळी. मीच दावलं, इथनं घ्या म्हणून. तुझा शब्द पाळला. पण तुझं सगळं पटलंय असं समजू नकोस.

अंधार पडायच्या आत वहिनी खाली आपल्या दाराशी आली. हातपाय भरलेले, धाप लागलेली. तू बसायचीस त्याच उंबऱ्यावर बसली आन् पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पुरा तांब्या प्याली. मग हात गुडघ्यावर ठेवून म्हणली, "भाऊजी, इतकं जड असतंय हे, गयाबाई कधी बोलली न्हाय."

मी म्हणलं, "बोलायची, वहिनी. तुम्ही ओट्यावर होता."